उघाडी

बापाचं काम एवढंच होतं :
सुकतीला फळी वर, भरतीला फळी खाली.
भाताचं पाणी खाडीत सोडायचं,
खाडीचं भातात येऊ द्यायचं नाही.
खारवंडीत आणखी काही घडलं असेल
तर ते मला कुणी सांगितलं नाही.

मोबदला घरटी दोन पायली राता
आणि फळीमागे अडकेल ती मासळी.
जिताडा लागला की आई गप्प बसायची.
निवट्या लागल्या की साऱ्या आळीला ऐकवायची.

उघाडीच्या पायरीला एक दगड होता,
काळा, लांबट, माणसाच्या छातीएवढा.
त्यावर आम्ही पायाचा चिखल धुतला,
कोयते घासले, चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडल्या.
हा कुठला, विचारलं तर बामीआत्या म्हणायची,
"दगर आपले आधीचा हाय. त्याला काय इचारतंस?"

मग चुन्याच्या रेघा आल्या.
चावडीवर नोटीस लागली :
तमाम लोकांस कळविण्यात येते की
जो कोणी मुदतीत हरकत घेणार नाही
पुढचं पावसाने नेलं.
चांगो मढवी, चौथी पास,
शिल्लक शाई बोटाने वाचत राहिला,
जो कोणी, जो कोणी,
हजेरी घेताना एखादं पोर सापडू नये तसा.

बांध फोडला त्या दिवशी
बुलडोझरच्या पात्याला दगड लागला
आणि कुशीवर वळला.
खालच्या अंगाला चंद्र, सूर्य,
आणि एक गाढव.
ते जे करत होतं ते पाहून
बायकांनी पदर तोंडाला लावला,
पोरं धावत जाऊन आणखी पोरं घेऊन आली.

विद्यापीठातून एक बाई आल्या.
दगडाला पीठ चोळून
कलत्या उन्हाची वाट बघत बसल्या.
शिलाहारांच्या वेळचा असावा, म्हणाल्या,
जमीन दान दिल्याचा.
कुणी दिली? ते खाऱ्या पाण्याने खाल्लंय.
कुणाला? तेही.
अक्षरं उरली होती ती एवढीच :
जो कोणी.
पुढे शिवी असते, आईवरून,
दान मोडणाऱ्याला.

"ना शेती करीत व्हता त्याचा नाव?" बामीआत्या.
बाईंनी चष्मा पुसला. "सहसा नसतं."
"मंग ज्याची शिवी त्याला लागूंदे,"
म्हणत आत्या घरी गेली,
चुलीवर तिच्या पेजेला ऊत आला होता.

तिच्यामागे गावाला रात्रभर झोप नाही.
एक तट म्हणे, शाप साहेबांवर.
दुसरा म्हणे, अंगठे कुणाचे उठलेत कागदावर?
रात्री कुणी दगडाला शेंदूर फासला,
सकाळी कुणी तो रॉकेलने पुसला.
मग डंपर आले, आणि भरावात
कोण कुठे गेलं याची नोंद कुणी ठेवत नाही.
माझा अंदाज, सेक्टर नऊच्या पोटात.

तिथेच मी आता पंपावर असतो.
तळघरात दोनशे गाड्या.
पुनवेच्या, अवसेच्या आगेमागे
ऐन वैशाखात फरशीतून पाणी फुटतं.
सेक्रेटरी चप्पल हातात घेऊन विचारतात,
पाऊस नाही, पाइप धड आहे,
मग हे आलं कुठून?
मी बोट बुडवून जिभेला लावतो.
केबिनमध्ये तिथ्यांचं कॅलेंडर,
त्यावर पेन्सिलच्या खुणा, बाप करायचा तशाच.
रजिस्टरात कारणाचा रकाना आहे.
मी लिहितो : उधाण.
कुणीतरी ते खोडून लिहितं : गळती.

परवा रात्री रॅम्पच्या तोंडाशी
एक निवटी चढून आली होती,
डोळे डोक्यावर, अंग चिखलाने चकचकीत,
एका पांढऱ्या गाडीच्या दिव्यासमोर थांबलेली.
मी घड्याळ पाहिलं.
सुकतीला अजून वीस मिनिटं होती.
पंप जरा उशिरा लावला.